एका डागाची चोरी

जगात गुप्तहेर दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना सगळे ओळखतात. आणि दुसरा मी. गुप्त राहण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. मी इतका गुप्त आहे, की ज्या लाँड्रीत माझी उमेदीची वर्षं गेली तिथल्या मालकांनाही मी गुप्तहेर आहे हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मी खिसे तपासतो.

आता, तपासतोही. खोटं कशाला बोला! आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलं, दवाखाने, घरं, सगळ्यांचे कपडे गाड्या भरभरून इथे येतात आणि यंत्रात जाण्याआधी एका लांबलचक टेबलावर पडतात. त्या टेबलापाशी मी उभा. कपड्याला खिसा असेल तर हात घालायचा, किल्ली, चिठ्ठी, कवळी जे निघेल ते बाजूला ठेवायचं, आणि कपडा टेबलाच्या कडेच्या घसरगुंडीतून खाली ढकलायचा. चादरी, पडदे वगैरे बिनखिशाची जनता मी न बघताच ढकलतो. ज्याला खिसा नाही त्याला रहस्य नाही, असा माझा सिद्धांत आहे.

खिशावरून माणूस ओळखण्यात तर मी पटाईत. एकदा एका पँटीच्या खिशात घराची किल्ली आणि अर्धं बिस्कीट निघालं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की हा गृहस्थ बायकोशी भांडून घर सोडून पळालेला आहे आणि वाटेत त्याला भूक लागलेली आहे. संध्याकाळी गृहस्थ पँट न्यायला आला, सोबत बायको आणि कुत्रा. बिस्कीट कुत्र्याचं होतं म्हणे. माझी भाची माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, ‘‘हसतेस काय? तिघंही पळालेत!’’

ही भाची म्हणजे माझी सहायक. पगार तिला लाँड्री देते, पुढच्या काउंटरवर पावत्या फाडण्याचा. सहायकाचं काम ती फुकट करते. म्हणजे मी तर्क सांगतो आणि ती ‘‘बरं मामा’’ म्हणते. फार गुणी पोर.

तर झालं असं. आमच्याकडे माणसं नाना देशांची, नाना भाषांची. धुलाईत एक भाषा, रफूत दुसरी, बॉयलरजवळ तिसरी. भांडण मात्र सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. नव्या मॅनेजरबाई आल्या आणि म्हणाल्या, ‘‘आपण रोज एकत्र घाम गाळतो, पण एकमेकांच्या घरचं काही ठाऊक नाही. शुक्रवारी दुपारी यंत्रं बंद ठेवू. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. घरच्यांनाही बोलवा.’’

शुक्रवारी सकाळी वस्तू आल्या. गाडीवाल्या दादाने आजोबांचं वल्हं आणलं. ते नदीवर माणसं पार करत. रफूवाल्या मावशींनी एक लाकडी डाव आणला. त्यांच्या घरात सगळी पोरं त्या डावाने वाढलेलं खाऊन मोठी झाली आणि त्याच डावाने मार खाऊन शहाणी झाली. मी माझ्या आजोबांची शिट्टी आणली. आजोबा पहारेकरी होते. त्यांच्या पहाऱ्यात पुष्कळ चोऱ्या झाल्या, पण शिट्टी कोणाला नेता आली नाही.

आणि इस्त्रीवाल्या ताईंनी आणला एक पांढरा टेबलक्लॉथ. मधोमध तळहाताएवढा निळाशार शाईचा डाग.

‘‘मी आमच्याकडची तिसरी मुलगी,’’ ताई मला म्हणाल्या. एरवी त्या इस्त्रीसारख्याच, जवळ गेलं की चटका बसेल अशा. पण त्या दिवशी कापडावरून नुसता हात फिरवत होत्या. ‘‘तिसरीपण मुलगीच म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. बाबा घरी पत्र लिहीत बसले होते. बातमी आली तसे आनंदाने उडालेच, आणि शाईची बाटली सांडली. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ते हे कापड पसरायचे आणि गोष्ट सांगायचे. आता बाबा नाहीत. मी आल्याचा कोणाला तरी आनंद झाला होता, याचा हा एवढाच पुरावा आहे माझ्याकडे. जपा हं, भाऊ. दुपारी माझी आई यायची आहे ऐकायला.’’

पुरावा! हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, ‘‘ताई, निर्धास्त राहा.’’ आणि सगळ्या वस्तू लाँड्रीतल्या सगळ्यात सुरक्षित जागी नेऊन मांडल्या. म्हणजे माझ्या टेबलावर, माझ्या नजरेसमोर.

नजर मात्र मी वस्तूंवर ठेवली नाही. तशी चूक नवशिके करतात. मी नजर ठेवली माणसांवर. सकाळभर हात आपलं काम करत होते आणि डोळे दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला आरपार बघत होते. कोणी म्हणून टेबलाजवळ फिरकलं नाही. आणि जेवणाच्या सुट्टीआधी वळून बघतो तो वल्हं आहे, डाव आहे, शिट्टी आहे, टेबलक्लॉथ गायब!

मी शिट्टी फुंकली. धुलाईतले लोक जेवायची सुट्टी झाली समजून निघून गेले. भाची तेवढी धावत आली.

‘‘चोर इकडे आलाच नाही,’’ मी म्हटलं, ‘‘आणि तरी चोरी झाली! म्हणजे बघ, केवढा पोचलेला असेल.’’

‘‘मामा, सगळ्या वस्तूंतलं नेमकं कापडच का गेलं असेल?’’

‘‘तेच तर! या वस्तूंत कापडाची गरज कोणाला? ज्याच्याकडे वल्हं आहे आणि शीड नाही त्याला! पकड त्या गाडीवाल्याला.’’

गाडीवाला दादा गाडीखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. मी पायांनाच विचारलं, ‘‘शीड कुठे आहे?’’

‘‘कसलं शीड?’’ पाय म्हणाले. ‘‘आमची नदी एवढीशी, आजोबा चार हात मारून पलीकडे जायचे. शीड लावलं असतं तर होडी थेट समोरच्या काठावर आपटली असती.’’

‘‘आणि आता तू शहरात नाव घेऊन काय करणार आहेस?’’

‘‘नाव नाहीये हो माझ्याकडे! माझ्याकडे ही गाडी आहे, आणि ती चालत नाहीये.’’

माणूस इतक्या ठामपणे नाही म्हणतो तेव्हा संशय बळावतो. पण भाची म्हणाली, शिडाला टेबलक्लॉथ पुरणार नाही. हे तिच्या तोंडून यावं म्हणूनच मी थांबलो होतो.

दुसरा संशय रफूवाल्या मावशींवर. त्यांच्या कपाटाखालून एक पांढरं टोक डोकावत होतं. मी झडप घालून ओढलं. मावशींचा विणत आणलेला स्वेटर कोपरापर्यंत उसवला. त्यानंतर त्या लाकडी डावाचा दुसरा उपयोग मला प्रत्यक्ष बघायला मिळाला. वारसा जिवंत आहे, एवढंच सांगतो.

उरला बॉयलरदादा. भला धिप्पाड माणूस. त्याची भाषा आम्हाला येत नाही आणि आमची त्याला. पण वाफ कमीजास्त झाली की खुणांनी सगळं जमतं. मी हवेत चौकोन काढला, म्हणजे टेबलक्लॉथ. मधोमध तळहात ठेवला, म्हणजे डाग. मग मूठ आवळून ओढली, म्हणजे चोरी. त्याचा चेहरा एकदम कनवाळू झाला. त्याने मला उचलून बाकावर झोपवलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि मला उठू देईना.

‘‘गुन्हा कबूल केला!’’ मी बाकावरून ओरडलो. ‘‘तपास थांबवण्यासाठी मला डांबून ठेवतोय!’’

‘‘मामा, त्यांना वाटतंय तुमच्या पोटात कळ आलीय.’’

एवढ्यात इस्त्रीवाल्या ताई दारात आल्या. बातमी त्यांच्या कानावर गेली होती. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाबद्दल मी तर्क करू शकतो. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, मला नवं कापड कुणीही देईल हो. पण तो डाग कुठून आणू?’’

माझ्या पोटात तेव्हा खरंच कळ आली. पिशवी उपयोगी पडली.

ताई गेल्यावर भाची माझ्या उशाशी बसली. तिचा आवाज भलताच गोड झाला होता. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, अगदी असाच होतो, मला काही कबूल करायला लावायचं असलं की.

‘‘मामा, टेबलक्लॉथला खिसा असतो का हो?’’

‘‘वेडी की काय? टेबलाला कशाला खिसा?’’

‘‘आणि तुमच्या टेबलावर बिनखिशाचं कापड आलं, तर तुम्ही काय करता?’’

‘‘काय करतो म्हणजे? न बघता ढकल...’’

 बॉयलरदादाने माझा चेहरा बघितला आणि दुसरी पिशवी भरून पोटावर ठेवली.

मी दोन्ही पिशव्यांसकट धावलो. घसरगुंडीच्या खाली डागवाल्या काकांची खोली आहे. हे काका म्हणजे डागांचे कर्दनकाळ. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या शर्टावर ठिपका दिसला, तर त्याला थांबवून ओल्या रुमालाने पुसतात. लग्नातून त्यांना दोनदा बाहेर काढलंय. मी दारात पोचलो तेव्हा ते एक कापड उजेडात धरून उभे होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

‘‘या, या!’’ ते म्हणाले. ‘‘आयुष्यात असा डाग पाहिला नव्हता. जुना, मुरलेला, हट्टी. सकाळपासून लढतोय. मीठ झालं, लिंबू झालं, सोडा झाला, हात जोडून झाले. आणि आत्ता बघा. गेला!’’

कापड दुधासारखं पांढरं होतं. मी त्यात डाग शोधला, उलटं करून शोधला. माझ्या कारकिर्दीत प्रथमच मला डाग हवा होता.

माझ्यामागून ताई आत आल्या. त्यांनी कापड हातात घेतलं, जिथे डाग होता तिथे बोटं टेकवली आणि स्टुलावर मटकन बसल्या. काकांना काय झालं ते कळेना. भाचीने त्यांच्या कानात सांगितलं, तसे तेही दुसऱ्या स्टुलावर बसले. मीही बसलो असतो, पण तिसरं स्टूल नव्हतं. ‘‘ताई,’’ मी म्हटलं, ‘‘चोर सापडलाय. तो मीच आहे. काय हवं ते बोला मला.’’

पण बोलल्या त्या दारातून कोणीतरी दुसऱ्याच.

‘‘अगं बाई! गेला का तो?’’

हातात काठी, खांद्याला पिशवी, ताईंचंच नाक. ताईंची आई. मॅनेजरबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. आजी तरातरा पुढे आल्या आणि कापड नाकाशी नेऊन न्याहाळू लागल्या. ‘‘काय केलंत काय तुम्ही? मी जन्मभर घासलं, हात सोलून निघाले माझे! कुठला साबण तो?’’

‘‘आई!’’ ताई रडतच ओरडल्या. ‘‘अगं, तो बाबांनी सांडलेला डाग होता! मी झाले तेव्हाचा!’’

आजींनी मग इकडेतिकडे बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि हसायलाच लागल्या. हसता हसता ठसका लागला, भाचीने पाणी दिलं.

‘‘ती शाई तुझ्या बाबांनी नाही सांडली गं. तू सांडलीस.’’

‘‘मी?’’

‘‘चार वर्षांची होतीस. नवीकोरी बाटली, नवंकोरं कापड. सांडली आणि टेबलाखाली जाऊन बसलीस, मी आता बदडणार म्हणून. मी दारातूनच बघत होते. तुझे बाबा तुझ्याजवळ टेबलाखाली शिरले नि म्हणाले, अगं, हा डाग तर जुनाच आहे, तू झालीस तेव्हा माझ्याच हातून पडला होता. मला वाटलं, दोन दिवसांनी विसरतील. पण तू दरवर्षी विचारायचीस आणि ते दरवर्षी नवी भर घालून सांगायचे.’’

‘‘पण तू तर कधी बोलली नाहीस! गोष्ट निघाली की उठून स्वयंपाकघरात जायचीस. मला वाटायचं, तुला रडू येतं.’’

‘‘रडू कसलं! हसू दिसू नये म्हणून जायचे.’’

ताईंनी डोळे पुसले. आवाज अगदी लहान झाला होता. ‘‘म्हणजे मी झाल्याची बातमी आली तेव्हा बाबा उडालेबिडाले नव्हते?’’

‘‘बातमी कोण आणणार त्यांना? ते घरी होतेच कुठे! दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून होते. लोकांची तोंडं उतरलेली, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. तुला जे हातात घेतलं, ते दुसऱ्या कोणाला देईचनात. शेवटी नर्स रागावली, की निदान तिच्या आईला तरी द्या.’’

 डागवाल्या काकांनी ओल्या रुमालाने स्वतःचे डोळे पुसले, आणि त्यात लिंबू होतं, त्यामुळे ते आणखीच रडू लागले. दारात बॉयलरदादा तिसरी गरम पिशवी घेऊन उभा होता. ती कोणाला द्यावी ते त्याला कळेना, कारण सगळ्यांनाच लागली असती.

कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला. मॅनेजरबाईंनी ताईंचं नाव पुकारलं. ताई उठल्या, आईला हाताला धरून समोर घेऊन गेल्या आणि ते पांढरंशुभ्र कापड दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर उंच धरलं. मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले, त्यावर काय आहे म्हणून.

‘‘यावर काहीच नाहीये,’’ ताई म्हणाल्या. ‘‘गोष्ट आईला ठाऊक आहे. मीपण आजच पहिल्यांदा ऐकली. आई, पुन्हा सांग ना गं. दवाखान्यापासून सांग.’’