चार फ्लॅट, चूल एक

माझ्या नकाशातली किचनं हसुरामकाका अंगठ्याला थुंकी लावून पुसायचे. मी काढायचो, ते पुसायचे.

मी आर्किटेक्ट. ऐरोलीला ऑफिस, गोल काळा चष्मा आणि वाक्यागणिक 'स्पेस' म्हणायची खोड. काकांचं करावे गावातलं जुनं कौलारू घर वाळवीनं पोखरलेलं, चहूकडून गळणारं. ते न पाडता त्यात चार फ्लॅट करायचे होते. तीन धाकट्या भावांना एकेक, एक काकांना. या कामाबद्दलचं बक्षीस मी मनातल्या मनात घेऊनसुद्धा टाकलं होतं.

पण काकांचं एकच. "फ्लॅट चार कर, दहा कर. चूल एकच ठेव."

"अहो काका, संडास चार चालतात, मग किचन का नको?"

"तिथं थांबवत नय. भूक थांबते."

कप्पाळ माझं!

साइटवर तर कहरच. प्लंबरनं सिंकचा पाइप काढला की काका त्यात लाकडाचं बूच ठोकणार. टाइल्सवाल्याला भावजयांच्या हातचं बोंबलाचं कालवण खाऊ घालून दुपारभर झोपवणार. भावांना विचारलं, तर ते म्हणाले, "दादाचं टेन्शन घेऊ नका. आमच्या बायकांना आपापलं किचन पायजेच."

झालं! मला जोर चढला. किचनं बांधून झाल्यावर मी काकांना त्यांच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेलो. "बघा, तुमचं स्वतःचं किचन! गॅस इथे, मिक्सर इथे. आता कुणावर अवलंबून राहायला नको."

काका ओट्यावरून हात फिरवत राहिले.

"पोरा, मना चाय पन करता येत नय. लगीन केला नय. आई गेली तवा हे तिघं बारके, त्यांच्यासाठीच कमवत रायलो. आजवर सगल्यांसंगती माजं पान पडतं, कोनी बोलवाला लागत नय. आता चार चुली झाल्या. मी रोज कुनाचे दारान जाऊन उभा राहू?"

सगळं विचारलं होतं मी. पार्किंग, पडदे, गीझर. हा माणूस जेवतो कुठे, एवढंच विचारलं नव्हतं. गाढव, दुसरं काय!

तिघा भावांतल्या थोरल्याच्या बायकोला, वहिनींना, जाऊन कसंबसं सांगितलं. त्या डोळे पुसत माझ्यावरच भडकल्या. "दादांना सोडून या घरान कदी कोन जेवलाय?" मग त्यांनीच ठरवून टाकलं: शिजवायचं तिघींनी आपापल्या घरी, जेवायला सगळ्यांनी काकांकडे बसायचं.

काकांच्या फ्लॅटमधला ओटा मी दुसऱ्याच दिवशी तोडायला घेतला. काका बाजूला उभे.

"एवढी मानसं बसतील ना रं?"

"बसतील, काका." मी टेप लावून मापं घेत होतो.

"आनि तुजी जागा धरली का?"