पाचव्या ग्लासाचा फेस

नात सकाळपासून "घड्याळवाले आजोबा, घड्याळवाले आजोबा" करत होती. शिंपीकाम सोडून घरी बसलेल्या तिच्या सख्ख्या आजोबांनी मोजलं. चहा संपेपर्यंत अकरा वेळा झालं होतं. काल शाळेचा प्रयोग करायला ती समोरच्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेली, तेव्हापासून या आजोबांच्या पोटात दुखत होतं.

"एवढं काय केलंत तिथे?" त्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"बटाट्यात विकर, म्हणजे एन्झाइम, असतं ना, ते जखम धुवायच्या औषधाचा फेस करतं. पाच ग्लास, प्रत्येकात सारख्या मापाचा एकेक तुकडा. औषध मात्र वाढवत न्यायचं. एक चमचा, दोन, तीन असं. बाकी पाणी. मिनिटभराने फेस मोजायचा. आज परत करायचाय."

"मग इथेच कर की! मोजण्याशिवाय जन्मभर मी दुसरं केलं काय?"

टेप गळ्यात आला. पहिल्या ग्लासाला फेस दोन सेंटिमीटर, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. आजोबा खुलले. चौथ्यात चार चमचे औषध. फेस मात्र पुन्हा पाचच.

"त्याच्याकडे शेवटच्याला किती आला होता गं?"

"नऊ."

नऊ! आजोबांचा चेहरा उतरला. नातीने पाचवा ग्लास तयार केला आणि ती पेन्सिल आणायला आत गेली. तेवढ्यात ताटलीतले आणखी दोन तुकडे ग्लासात गेले.

ती आली तेव्हा फेस काठावरून उतरून आजोबांच्या चष्म्याच्या डबीत शिरत होता.

"बारा!" आजोबा ओरडले. "सांडलाय तो वेगळाच!"

नात हसली नाही. तिने ग्लास चाळणीत ओतला. तीन तुकडे.

"आजोबा, दुकानात तुम्ही एकटेच शिवायचात. गिऱ्हाइकांनी दुप्पट कापड आणून टाकलं तर शर्ट दुप्पट व्हायचे?"

"कसे होतील? आधी हात रिकामे असले तर गोष्ट वेगळी. एकदा दिवस भरला की गठ्ठा नुसता पडून."

"विकराचंही तेच. आधी औषध वाढवलं की फेस वाढतो. सगळं विकर कामाला लागलं की वरचं औषध वाट बघत बसतं. चौथ्याला पाच आणि पाचव्यालाही पाच, हेच तर मला बघायचं होतं. तुम्ही मध्येच दोन शिंपी आणून बसवलेत."

आजोबांनी टेप गुंडाळला, परत उलगडला. "मग त्याचा नऊ कसा?"

"त्यांच्या ग्लासात दोन तुकडे निघाले. वर म्हणाले, 'आजोबांना नक्की सांग हं, नऊ आला.' म्हणून तर आज परत करायला घेतला."

आजोबांना क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांची नजर चाळणीकडे गेली.

थोड्या वेळाने नातीने बोलावून आणलेले घड्याळजी समोर येऊन बसले. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात घड्याळ, आणि बटाट्याची ताटली नातीच्या मांडीवर. पाचव्या ग्लासाचा फेस पाचावर येऊन थांबला.

"तीन टाकलेस म्हणे?" घड्याळजींनी हळूच विचारलं.

"तू तुझं मिनिट सांभाळ."