खाकरण्याचा अधिकार

शोकसभेत आधी कोण बोलणार, यावर राष्ट्रीय टेबल टेनिस संघटनेच्या कार्यालयात सकाळपासून वाद चालला होता. अध्यक्षांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. उपाध्यक्षांचं म्हणणं, अध्यक्षांनंतर उपाध्यक्ष, हे लहान मुलालाही कळतं. खजिनदारांचं म्हणणं, लहान मुलाला कळतं म्हणून ते बरोबरच असतं असं नाही. दोघंही टेबलावर ओणवे होऊन बोलत होते आणि मधे बसलेला चिटणीस दोघांनाही "बरोबर आहे" म्हणत होता.

त्याला दुसरं काही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं. संघटनेत पगार घेणारा तो एकटाच. त्याची नेमणूक दर वर्षी अध्यक्षांच्या सहीने पुढे सरकायची. यंदाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि सही करणारा हात आता या दोघांपैकी एकाचा असणार होता. कुणाचा, ते कळत नव्हतं, म्हणून तो दोघांनाही सारखाच चहा देत होता.

"तुम्ही आधी उठलात तर लोक काय म्हणतील?" खजिनदार म्हणाले. "म्हणतील, शोकसभेला आले आणि खुर्चीवर रुमाल टाकून गेले."

"आणि तुम्ही उठलात तर?"

"मी टाकणार नाही. पण तुम्हालाही टाकू देणार नाही."

"मी काय म्हणतो," चिटणीस म्हणाला, "आधी दोन मिनिटं शांतता ठेवू. त्यात कुणीच बोलत नाही."

यावर दोघांचं एकमत झालं. चिटणिसाला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं.

सभा सरावाच्या हॉलमध्येच होती. टेबलं घडी करून भिंतीला लावली होती. ती सरकवताना चिटणिसाला एकेका पायाखाली घडी केलेलं व्हिजिटिंग कार्ड सापडत गेलं. सगळी अध्यक्षांची. जमीन कुठे खाली-वर असली की ते खिशातून कार्ड काढून टेबलाच्या पायाखाली सारायचे, वाकून चेंडू वर ठेवून बघायचे, आणि तो घरंगळला नाही की मगच मंत्र्यांना भेटायला जायचे. मंत्र्यांना द्यायला मग कार्ड उरायचं नाही. स्वतः त्यांनी आयुष्यात एकही स्पर्धा जिंकली नव्हती. चिटणिसाने ती कार्डं खिशात ठेवली. त्याला त्या माणसाची फार आठवण आली.

पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. अध्यक्षांच्या पत्नीला संघटनेत सगळेच वहिनी म्हणत. व्यासपीठावर फोटो, फोटोला फुलं, एका बाजूला उपाध्यक्ष, दुसऱ्या बाजूला खजिनदार. चिटणिसाने माईकवर सगळ्यांना उभं राहायची विनंती केली. हॉल उभा राहिला. शांतता पसरली.

ती चांगलीच पसरली आणि मग चिटणिसाच्या लक्षात आलं, ती संपवायची कुणी हे ठरलेलंच नाही. संघटनेत तीस-बत्तीस वर्षं जेवढ्या शोकसभा झाल्या, त्या प्रत्येकीत शांतता संपवायचे ते अध्यक्ष. ते एकदा खाकरायचे आणि खाली बसायचे. त्यांच्यामागे सगळे बसायचे. घड्याळाकडे कधी कुणी बघितलंच नव्हतं. आणि आज खाकरणारा माणूस फोटोत होता.

चिटणिसाने उपाध्यक्षांकडे बघितलं. उपाध्यक्ष ओठ न हलवता म्हणाले, "मी खाकरलो तर हा म्हणेल, रुमाल टाकला."

चिटणीस तिरका तिरका चालत पलीकडे गेला. खजिनदार समोर बघत पुटपुटले, "त्याला खाकरू दे. मग मी बघतो त्याच्याकडे."

"तुम्हीच खाकरता का, साहेब?"

"म्हणजे तो माझ्याकडे बघायला मोकळा."

चिटणिसाला स्वतः खाकरता आलं असतं. पण पगारी माणसाने अध्यक्षांचं काम केलेलं दोघांपैकी कुणालाच रुचलं नसतं, आणि मुदत महिनाअखेर संपत होती. तो माईकपाशी परत येऊन मान खाली घालून उभा राहिला.

इतका वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा माईकवाल्याला वाटलं, आपला माईक गेला. तो वायर चाचपत व्यासपीठावर रांगत आला आणि खजिनदारांचा पाय उचलून त्याखालची वायर त्याने सोडवली. खजिनदार एका पायावर शांत उभे राहिले.

"साहेब, आवाज येतोय का?" माईकवाल्याने खालूनच विचारलं.

"येतोय, जा," चिटणीस कुजबुजला. ते मात्र माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

उपाध्यक्षांचे गुडघे आता बोलायला लागले होते. शेजारच्या खोलीत सरावाची टकटक चालली होती, तीही थांबली, आणि उघड्या दारातून एक चेंडू उड्या मारत आत आला. लहान लहान टप्पे घेत तो व्यासपीठाच्या पायाशी, बरोबर फोटोपुढे येऊन थांबला.

तिसऱ्या रांगेत संघटनेचे सर्वांत ज्येष्ठ पंच उभे होते. खेळात बाहेरचा चेंडू आला की पंचाने खेळ थांबवायचा, हे हाडात मुरलेलं. त्यांचा हात आपसूक वर गेला.

"लेट," ते म्हणाले.

हॉलमधून मोठा सुस्कारा निघाला. उपाध्यक्षांनी खुर्चीचा हात धरला, मागच्या रांगांत काही जण टेकलेसुद्धा. चिटणिसाला पंचांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

पण पंच अजून उभेच होते. त्यांनी चष्मा वर सारला. "लेट म्हणजे झालं ते मोजायचं नाही," ते अपराधी आवाजात म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये पंचांचा शब्द शेवटचा. टेकलेले उठले. खजिनदारांनी दुसरा पाय जमिनीवर ठेवला. शांतता नव्याने सुरू झाली.

या वेळी ती पहिल्यापेक्षा जड होती, कारण संपवायची कुणी हे आता कुणालाच ठाऊक नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. उपाध्यक्ष डोळे मिटून झुलत होते. चिटणीस खिशातली कार्डं चाचपत राहिला.

आणि कुणीतरी खाकरलं.

तसंच. आधी बारीक, मग ठसक्यात. सगळा हॉल धपकन खाली बसला. उपाध्यक्ष बसले, खजिनदार बसले, पंच बसले, माईकवाला होता तिथे जमिनीवर बसला. बसल्यावर सगळ्यांनी बघितलं, तर एकट्या वहिनी उभ्या होत्या.

"बसा, बसा," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्याही बसल्या.

भाषणं झाली. मग चहा झाला, आणि तेवढ्यात हॉलच्या कोपऱ्यात बरंच काही ठरलं. उपाध्यक्षांना वाटलं, खजिनदारांपेक्षा वहिनी बऱ्या. खजिनदारांना वाटलं, उपाध्यक्षांपेक्षा कुणीही बरं. बाकीच्यांना वाटलं, आपण त्यांचं एकदा ऐकलेलं आहेच.

"पण मला खेळातलं काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या.

"यांना तरी कुठे कळतं?" उपाध्यक्ष आणि खजिनदार एकमेकांकडे बोट दाखवून म्हणाले.

जाताना चिटणीस वहिनींना रिक्षापर्यंत सोडायला गेला. त्याने ती कार्डं त्यांच्या हातात ठेवली. वहिनींनी ती घड्या न उलगडता पर्समध्ये टाकली.

"वहिनी, घशाला काही झालंय का? गरम पाणी आणू?"

"नाही हो. घरीसुद्धा कुणी गप्प बसलं की ते तसेच खाकरायचे. शांतता सोसायची नाही त्यांना." त्या थोडं थांबल्या. "आज एवढं शांत झालं, तर मी आपली वाट बघत होते. आता खाकरतील, मग खाकरतील. किती वेळाने लक्षात आलं बघा."

चिटणिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. रिक्षा निघून गेल्यावरही तो फुटपाथवर उभाच राहिला.

महिनाअखेरीला तो नेमणुकीचा कागद घेऊन अध्यक्षांच्या खोलीत गेला. वहिनी खुर्चीवर होत्या. त्यांनी कागद वाचला, पेन शोधलं, चष्मा पुसला. चिटणीस टेबलापुढे हात बांधून उभा होता. सही होईल की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

वहिनी खाकरल्या.

चिटणीस खाली बसला.