लांब पल्ल्याचा टायर: निवड, अभ्यास आणि मंजुरी

माणूस नश्वर आहे आणि टायरही नश्वर आहे. फरक एवढाच, की टायर निवडता येतो, माणूस पदरी पडलेला असतो. म्हणून शहाण्या समाजाने आपली सगळी अक्कल टायरवर खर्च करावी, हे उघड आहे. आमच्या तालुक्याने ती केली.

'कडेगाव तालुका लांब पल्ला दुचाकी प्रवासी मंडळ (नियोजित)' ही संस्था आमच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्थापन झाली. कंसातला शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या भागात सूतगिरणी असो की दूध संघ, आधी तो नियोजित असतो. काही संस्था पुढे सुरू होतात. काहींना त्याची गरज पडत नाही.

अध्यक्ष आमचे यजमान, निवृत्त सुभेदार नाथाजी. (नाव मी एरवी उखाण्यातच घेते. इथे कामकाजाची गरज म्हणून घेतलं.) उपाध्यक्ष जिनपाल, सांगलीचे हळदीचे व्यापारी, दर रविवारी येणारे. तांत्रिक सल्लागार धैर्यशील. तो विमा विकतो, पण मोबाइलवर टायरचे इतके व्हिडिओ पाहून झालेत, की त्याच्या मताला आता वजन आहे. सदस्य तीन, पदं सात. उरलेली चार पदं वाद होऊ नयेत म्हणून रिकामी ठेवली.

जिनपालभाऊ सूर्य बुडायच्या आत जेवणारे. त्यामुळे सभा कितीही तापली तरी ऊन कलंडलं की संपायची. देशातल्या प्रत्येक सभेवर असा एक जैन सदस्य नेमावा, अशी माझी नम्र शिफारस आहे.

प्रवास कुठला, ते सांगायचं राहिलं. (इतिवृत्तातही ते राहिलेलंच आहे.)

माझं माहेर पाचगणीच्या खालचं, घाटातलं. तिकडे रस्ता म्हणजे वळण. वळण संपलं की दुसरं वळण, आणि त्याच्या पलीकडून एस.टी. येतेय की म्हैस, ते आवाजावरून ओळखायचं. लग्नानंतर हे पहिल्या सुट्टीवर आले, तेव्हा ओट्यावर बसून म्हणाले होते, "राजस्थानात आमच्या ठाण्याकडं जायला एक रस्ता हाय बघ. वळणच न्हाई. सरळ म्हंजे सरळ, आभाळाला जाऊन टेकतोय."

"आन पुढनं काय येतंय ते दिसतंय?"

"लय लांबनं दिसतंय. रिटायर झालो की दावतो तुला. मोटारसायकलीवर बसवून."

पुढे काय येतंय ते आधीच दिसणारा रस्ता मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतरही पाहिला नाही. ते फौजेत राहिले, मी उसात राहिले. मग ते रिटायर झाले, आणि शब्दाचे पक्के असल्यामुळे पेन्शनीतून खरोखरच मोठी गाडी आणली. दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, लिंबू चिरडण्याइतका प्रवास झाला आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. कंपनीने दिलेल्या टायरवर लांब जाणं हा अडाणीपणा आहे, असं धैर्यशीलने दाखवून दिलं होतं. आता फक्त टायर बदलायचा बाकी होता.

यानंतर जे झालं त्याला अभ्यास म्हणतात.

कडक रबराचा टायर जास्त टिकतो, पण ओल्यात घसरतो. मऊ रबराचा रस्ता धरतो, पण लवकर झिजतो. एवढं कळायला एक उन्हाळा गेला. मधोमध कडक आणि कडेला मऊ असाही टायर निघतो, असं धैर्यशीलने सांगितलं तेव्हा सभेने चहाचे कप खाली ठेवले.

"एकाच अंगात दोन गट?" जिनपालभाऊ म्हणाले. "गड्या, असली संस्था कवा टिकलीया?"

ठराव फेटाळण्यात आला.

पावसातली पकड तपासायला महाबळेश्वरचा अभ्यास दौरा काढला. दौरा भाड्याच्या जीपने झाला, कारण मोटारसायकलींनी गेलं असतं तर टायर झिजले असते. सदस्यांनी पसरणी घाटात छत्री धरून दुसऱ्यांच्या टायरांचं निरीक्षण केलं. भाजलेली कणसं खाल्ली. स्ट्रॉबेरीचा हंगाम नव्हता, ही दौऱ्यातली एकमेव त्रुटी. घरच्या मंडळींना नेलं नाही, कारण दौरा अभ्यासाचा होता. जिनपालभाऊंच्या बायकोने, पद्मावतीने, मला फोन केला, "आवं वैनी, ह्यांचं जॅकेट वाळत घातलंय. खिशातनं मक्याचं दाणं निघालं. टायरला मका लागतोय व्हय?"

दौऱ्यानंतर धैर्यशीलने शोध लावला, की वळणावळणाच्या रस्त्यावर टायर सगळीकडून सारखा झिजतो, आणि सरळ रस्त्यावर मात्र फक्त मधला पट्टा झिजून टायर चपटा होतो. म्हणजे टायरचा खरा शत्रू खड्डा नव्हे, सरळ रस्ता. राजस्थानचा रस्ता तर अतिशयच सरळ. तेव्हा राजस्थानला जावं, पण वळणावळणाने जावं, असं ठरलं. कोयना, कोकण, गोवा, आणि तिथून काहीतरी मार्ग निघेल. शेवटचा सरळ तुकडा शक्यतो टाळावा, अशी उपसूचना आली.

मी चहाचे कप उचलत होते. "त्यो तुकडा बघायलाच जायाचं हाय न्हवं?" मी विचारलं.

"वैनी, भावनेच्या भरात टायर निवडत न्हाईत," धैर्यशील म्हणाला.

मग वार्षिक सभा आली. बाहेरच्या वाचकांसाठी आमची रीत सांगते. साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्ष "विषय क्रमांक एक" म्हणतात आणि विषय वाचायच्या आत मांडवातून "मंजूर! मंजूर!" असा गजर होतो. विषय नंतर वाचला तरी चालतो, न वाचला तरी चालतो. इकडचा माणूस या रीतीत इतका मुरलेला आहे, की लग्नात भटजींनी "सावधान" म्हटलं तरी मागून कुणीतरी मंजूर म्हणतं. मंडळाची सभा त्याच शिस्तीने झाली. मांडवात प्रेक्षक म्हणून दोन म्हशी आणि मी.

धैर्यशील वाचू लागला. "विषय क्रमांक चार. मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या वजनामुळे मागील टायरचे आयुष्य..."

"मंजूर!" जिनपालभाऊ म्हणाले.

"मंजूर!" आमचे सुभेदार म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने. फौजेतला आवाज.

"...अंदाजे एक चतुर्थांशाने घटते. सबब मागे व्यक्ती नेऊ नये."

मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात होते. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे पाहिलं. पण एकदा मंजूर म्हटलेलं मागे घेण्याची तरतूद सहकारात नाही. मी पोहे वाटले. लिंबू पिळायचं विसरले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच तर्काने पुढे गेलं की मंडळाचं अंतिम सूत्र मिळतं. मागे कुणी नसेल तर टायर जास्त टिकतो, सामान नसेल तर आणखी टिकतो, आणि पुढेही कुणी नसेल तर टायरला मरणच नाही. हेही एकमताने मंजूर झालं. मोठी गाडी दोन दगडांवर चढवली, चाकं अधांतरी. टायर अजून कंपनीचेच, कारण निवड अभ्यासाधीन होती. सीटवरचं प्लास्टिक तसंच. नव्या टायरच्या अंगावर ते बारीक रबरी केस असतात ना, तेही शाबूत. दर रविवारी सुभेदार चाक हाताने थोडं फिरवून ठेवत. आसपासच्या गावांतले लोक टायर बघायला येत आणि "लय जपलाय" म्हणून जात. म्हशीने एकदा त्याला चाटलं, तेव्हा तिला दुसऱ्या खुंट्यावर बांधण्यात आलं.

मी मात्र रोज वापरात होते. उसाची लागण, खुरपणी, धारा, वैरण. मला दगडांवर चढवून ठेवायचा ठराव कुणी मांडला नाही.

यंदा पावसाळ्यानंतर ओट्याची पायरी चढताना डाव्या गुडघ्याने नकार दिला. मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "गुडघ्यातली गादी झिजलीय. पार."

"पार म्हंजे किती शिल्लक?" सुभेदारांनी विचारलं. वर्षानुवर्षांचा अभ्यास, दुसरं काय तोंडात येणार.

"डाव्यात काही नाही. उजवा अजून थोडा चालेल."

"कशानं झिजली?"

"वापरानं," डॉक्टर म्हणाले. "आता दिवाळीनंतर ऑपरेशन करू. आणि एक सांगतो, मोटारसायकलवर मागे पाय दुमडून लांबचा प्रवास आता विसरायचा."

मी मान हलवली. विसरायला सोपं होतं. सुरूच कुठे झाला होता. मिरजेपासून कडेगावापर्यंत एस.टी.त सुभेदार एक्स-रेची पिशवी मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ती उचलून धरत, जणू आतलं अजून झिजेल.

त्या रविवारी मंडळाची सभा भरली, तेव्हा तांत्रिक सल्लागारांनी गंभीर बातमी दिली. टायरवर तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ते कुणीही वाचलं नव्हतं. बैठ्या टायरचंही रबर वय झालं की वाळतं. धैर्यशीलने नखाने दाखवलं. नक्षी कोरीच्या कोरी, केससुद्धा शाबूत, आणि कडेने बारीक भेगा.

"म्हंजे न चालताच गेला?" जिनपालभाऊंनी विचारलं.

"शास्त्रीय भाषेत, व्हय."

दुखवट्याचा ठराव उभ्याने झाला. मग धैर्यशीलने घसा साफ केला. "विषय क्रमांक एक. नवीन टायरच्या निवडीसाठी नव्याने अभ्यास..."

"मंजूर!" जिनपालभाऊ म्हणाले.

दुसरा आवाज आला नाही. सुभेदार उठले होते. ते शेडच्या मागे गेले, जिथे दुधाची गाडी, म्हणजे जुनी मोटारसायकल, उभी असते. या गाडीविषयी मंडळाच्या दप्तरात काही नाही. तिच्यावर रोज दोन वेळा कॅन डेअरीला जातात. मागचा टायर विट्याच्या पंक्चरवाल्याने "तात्पुरता चालवा" म्हणून बसवला होता. तो अजून तात्पुरताच आहे. कंपनी कुठली ते सांगता येत नाही, नाव झिजलंय.

त्यांनी एका बाजूचा कॅनचा आकडा वाकवला, त्यावर फळी बांधली, सीटवर वाकळ चौघडी करून टाकली. मग दारात येऊन म्हणाले, "चल. पाय सरळ ठिवायचा. फळीवर."

"आवं, डाक्टर काय म्हणलं?"

"लांबचं नगं म्हणलं. लांब न्हाईच जायाचं."

"आन विषय क्रमांक चार?"

ते गाडीला किक मारत होते. एकदा, दोनदा. मान वर न करता म्हणाले, "मी ऐकलाच न्हवता गं त्यो. आवाज झाला म्हणून वरडलो."

मी मागे एका अंगाने बसले, पाय फळीवर सरळ. जिनपालभाऊ आणि धैर्यशील शेडच्या दारात उभे होते. धैर्यशील ओरडला, "साहेब, हवा तरी तपासा!" सुभेदारांनी टायरला एक लाथ मारून पाहिली. आमच्याकडे तपासणी अशीच होते.

विटा गेलं, भिवघाट गेला. पुढे जतच्या बाजूला ऊस संपतो, माळ लागतो. पवनचक्क्या, बाभळी, कुठेतरी शेरडं. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवली आणि बंद केली.

समोर रस्ता होता. नुसता पडलेला. लांबून एक ट्रक येत होता, तो बराच वेळ येतच राहिला. आवाजाच्या कितीतरी आधी दिसला.

"ह्यो त्यो न्हवं," सुभेदार म्हणाले. "त्यो लय मोठा हाय. पर जातीचा ह्योच."

"हितं व्हता? इतक्या जवळ?"

"व्हता."

मी डोळ्यांवर हात धरला. "तिकडं बाभळीपाशी वळतोय की."

"मग बाभळीपतोर बघ."

मी बघितला. पुरेसा होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढं..."

"मंजूर," मी म्हणाले. विषय पूर्ण वाचायच्या आत.

परतल्यावर सुभेदारांनी मंडळाचा राजीनामा दिला. मंडळाचं काम मात्र जोमात आहे. पुढच्याच रविवारी उरलेले दोन सदस्य दुधाच्या गाडीमागे उकिडवे बसले होते. दोन माणसांचं ओझं घेऊन घाट, माळ, जाणं-येणं, आणि टायरला काही नाही. जिनपालभाऊ चष्मा पुसून झिजलेली अक्षरं वाचत होते, धैर्यशील कागदावर त्यांचा ठसा उतरवत होता. गोष्ट पसरली. आता कराडहून, वाळव्याहून लोक फोन करतात. आवाजात आदर असतो. "ताई, मागचा टायर नक्की कुठला हो?"

बाभळीपुढे रस्ता कसा वळला, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

तुम्हीही इथवर ते विचारायला आला नाहीत. वरचं शीर्षक बघून आलात, आणि मधलं गुडघ्याचं वगैरे सोसलंत, ते शेवटी टायरचं नाव कळेल म्हणून. मला राग नाही. उलट मंडळाला अशाच माणसांची गरज आहे. अध्यक्षपद रिकामं आहे. मी तुमचं नाव सुचवलं. विषय वाचायचा होता, पण त्याआधीच मंजूर झाला.