पाण्याचा नमुना

सेतुमाधव राव कोणाच्याही घरी पाणी पीत नाहीत, तपासतात. पेला हातात आला की आधी खिडकीकडे धरतात, मग नाकाशी नेतात, मग एक घोट तोंडात घोळवून डोळे मिटतात. तोवर घरातली बाई निकालाची वाट बघत उभी. "बोअरचं आहे. त्यात लॉरीचं मिसळलंय. संप धुतलेला नाही," एवढं सांगून पेला परत.

चेन्नईच्या टोकाला तांबरमला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या, हातात त्यांनी असाच पेला परत दिला. माणूस घरी येतो आणि पाण्याला नावं ठेवतो, म्हणून ती चिडली. आठवडाभरात इमारतीचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, उघडली तर आत खारीचं मेलेलं पिल्लू निघालं. तेव्हापासून घरात पाणी भरलं की पहिला पेला रावांकडे जातो. त्यांनी मान हलवली की मग आम्ही पितो.

राव तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिथेच गेलेल्या. आम्हा साताऱ्याकडच्यांना त्यांचं मराठी कळायला थोडा वेळ लागतो. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी आणि मंजिरी भांडत होतो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि उतरताना म्हणाले, "तुमचं अस्क कळलं मला. आम्हीही मरहट्टीच." अस्क म्हणजे सगळं. त्यानंतर आम्ही लिफ्टमध्ये भांडणं सोडलं.

सरकारच्या प्रदूषण खात्यात पाण्याचे इंजिनियर म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. पाण्याची लॉरी, म्हणजे टँकर, आली की राव हातात काचेची नळी घेऊन खाली हजर. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, मग पाइप जोडायचा. नाही झालं तर लॉरी आल्या वाटेने परत. ड्रायव्हर लोक त्यांना चळाचळा कापतात. एकाने सांगितलं, "सार, या गल्लीत यायच्या आधी मी देवाला नारळ फोडतो."

बोलणंही सगळं त्याच खात्यातलं. मंजिरीचा उपमा 'लिमिटच्या आत' असतो. माझ्या मुलीचं गाणं ऐकून ते म्हणाले होते, "लिमिटच्या बाहेर आहे, पण सुधारता येईल." देशात काय चाललंय असं कोणी विचारलं तर एकच उत्तर, "रिपोर्ट येऊ दे." लग्न का केलं नाहीत, असं मंजिरीने एकदा धीर करून विचारलं. तेव्हाही म्हणाले, "रिपोर्ट आला नाही." आणि हसले. एकटाच माणूस, दोन खोल्या, एक खुर्ची आणि बाटल्यांनी भरलेलं कपाट.

त्यांच्या एका सवयीचं मात्र मला कोडं होतं. माझं ऑफिस शहरात, नुंगंबाक्कमला. संध्याकाळी मी स्टेशनवरून परत आलो की राव जिन्यात भेटायचे आणि विचारायचे, "तिथलं पाणी कसं आहे?" आधी मला वाटलं, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारतात. पण शोळिंगनल्लूरच्या कंपनीत जाणारी शेजारची मुलं त्यांच्या समोरून जायची, त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचे ते नुंगंबाक्कमचंच. मी म्हणायचो, ठीक आहे. मग ते मान हलवून वर जायचे.

या उन्हाळ्यात एकदा माझं उत्तर बदललं. ऑफिसच्या मागच्या गल्लीत कोणा बिल्डरने खोदकाम काढलं होतं आणि तिथल्या नळाला गटाराचा वास येतो, असं आमचा शिपाई सांगत होता. मी ते सहज रावांना सांगितलं. त्यांनी कठडा धरला.

"कोणती गल्ली?"

मी सांगितली. ते आत गेले आणि ब्राउन पेपरमध्ये गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. बरोबर बर्फाचा डबा. त्या गल्लीत अंगणात पारिजातक असलेलं एक जुनं घर आहे, त्याच घरच्या नळाचं पाणी आण म्हणाले. मग मला धडा दिला. नळ आधी थोडा वाहू द्यायचा. बाटली आतून विसळायची नाही. झाकण खाली ठेवायचं नाही, हातातच उपडं धरायचं. गळ्यापर्यंत भरायची नाही.

"आणि कोणी पाठवलं म्हणून सांगू नको," शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेलो. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. नऊवारी, कपाळ मोकळं, पाठ ताठ. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये पाण्याच्या तपासणीचं सांगितलं. त्यांनी बोटाने अंगणातला नळ दाखवला आणि पायरीवर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मी नळ वाहू दिला, झाकण उपडं धरलं, बाटली भरली.

"सेतूने पाठवलं कां?" त्यांनी मराठीत विचारलं. अगदी रावांचं मराठी.

खोटं बोलावं तर झाकण अजून हातात होतं.

"नोकरी नवी होती तेव्हा तो घरी असाच शिकायचा," त्या म्हणाल्या. "हंड्यातलं पाणी बाटलीत भरायचा. मी त्याची अक्का. आई लवकर गेली, मीच वाढवला त्याला."

मग त्यांनी मला सावलीत बसवलं आणि सांगितलं. तंजावरजवळच्या गावी त्यांच्या यजमानांचा रेशीम रंगवायचा कारखाना होता. रंगाचं पाणी मागच्या ओढ्यात जायचं. एके दिवशी राव तिथे आले, ते भाऊ म्हणून नाही, इन्स्पेक्टर म्हणून. अक्कांनी पान मांडलं, तर म्हणाले, आज मी सरकारी कामावर आहे, येथे जेवता येणार नाही. ओढ्याचा नमुना घेतला. पुढे कारखाना बंद करायचा हुकूम आला, तोही त्यांनीच आणून दिला. यजमानांनी गाव सोडलं, चेन्नईत कापडाच्या दुकानात कारकुनी केली आणि मेव्हण्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. अक्कांनाही पाहू दिलं नाही.

"यजमान जाऊन बरीच वर्षं झाली," अक्का म्हणाल्या. "तो येईल म्हणून मी थांबले. मी बोलावीन म्हणून तो थांबला असेल."

"तुमचा राग गेला नाही का अजून?" मी विचारलं.

"माझा कसला राग?" त्या म्हणाल्या. "ओढा काळा झाला होता. शेजारच्या पोरांच्या अंगावर चट्टे उठले होते. यांना सांगून पाहिलं, ऐकेनात. मग मीच सेतूला सांगितलं, येऊन बघ म्हणून." पारिजातकाखालची फुलं त्यांनी पायाने बाजूला केली. "हे अखेरपर्यंत त्याला शिव्या देत राहिले. त्याने एकदाही सांगितलं नाही कोणाला. मीही नाही सांगितलं. मला संसार करायचा होता."

मी बर्फाचा डबा घेऊन तांबरमला आलो. अक्का काय बोलल्या ते रावांना सांगायचा धीर झाला नाही. फक्त एवढंच म्हणालो, "तुम्हाला ओळखलं त्यांनी." राव डबा घेऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "बारीक झाली कां?"

त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेचा निकाल आला. पाण्यात गटार मिसळलेलं होतं. राव दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबरच लोकलगाडीत बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. पूर्ण वाटभर निकालाचा कागद उघडून बघत राहिले. नुंगंबाक्कमला उतरल्यावर मात्र अंगात वारं शिरल्यासारखे चालू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बाई आता मोठी अधिकारी झाली होती, तिला त्यांनी फोनवरून गल्लीत बोलावून घेतलं. पाण्याच्या खात्याची माणसं आली. खोदकामात फुटलेली जागा सापडली आणि दुरुस्त होईपर्यंत गल्लीचं पाणी बंद करायचं ठरलं. लॉरी येईल म्हणून सांगितलं, पण लोक चिडले. हा कोण म्हातारा आमचं पाणी तोडणारा, म्हणून भोवती जमले. राव घामाने भिजून मधोमध उभे होते आणि सगळ्यांना एकच सांगत होते, उकळूनसुद्धा पिऊ नका.

गलका ऐकून अक्का फाटकापाशी आल्या. त्यांना बघून राव गर्दीतून फाटकाकडे वळले.

"पुन्हा बंद करायला आलास कां?" अक्कांनी विचारलं.

"होय, अक्का."

"बरं केलंस. आत ये."

राव आत गेले. मी बाहेरच थांबणार होतो, पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं. बैठकीत अक्कांच्या यजमानांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. राव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना. अक्का मागे आल्या.

"सेतू, आता त्यांना सांगितलंस तरी चालेल मला," त्या म्हणाल्या. "मीच बोलावलं होतं म्हणून सांग."

राव फोटोकडे बघत होते.

"नको, अक्का," ते म्हणाले. "तक्रार करणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं."