हरणाऱ्याला फोन येतो

"तुझे बाबा हल्ली फोनवर हसतात गं," बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कळवलं, तेव्हा लेकीच्या एका खांद्यावर दात येत असलेलं बाळ होतं आणि दुसऱ्या खांद्यानं तिनं फोन कानाशी दाबून धरला होता. "एकटा माणूस फोनवर हसायला लागला की लक्ष द्यावं."

"हसू देत की काकू. रडण्यापेक्षा बरं!"

असं म्हणून तिनं विषय झटकला आणि बाळाच्या तोंडातून चप्पल काढून घेतली.

तशी ती निष्काळजी नव्हती. उलट काळजी हाच तिचा पूर्णवेळचा धंदा होता. बाळ झोपलं की ते श्वास घेतंय ना हे ती वाकून बघायची, आणि दुसऱ्या गावी एकट्या राहणाऱ्या बाबांना रोज संध्याकाळी फोन करायची. गोळी घेतली? गॅस बंद केला? कडी लावली? बाबांना ही प्रश्नपत्रिका इतकी पाठ झाली होती की ती 'हॅलो' म्हणायच्या आत ते उत्तरं देऊन मोकळे व्हायचे, "घेतली, केला, लावली." तेवढ्यात बाळ भोकाड पसरायचं आणि परीक्षा संपायची.

मग एकदा ती बाळाला घेऊन बाबांकडे राहायला गेली. सकाळी बघते तर बाबा आरशासमोर उभे राहून भांग पाडतायत.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. फोन यायचाय."

फोनसाठी भांग? लेकीच्या हातातला चमचा बाळाच्या तोंडाऐवजी नाकाशी गेला. फोन वाजला. पलीकडून गोड आवाज खोलीभर सांडला, "सर, नाश्ता झाला का?"

"झाला, झाला. तुझा? अगं, उपाशीपोटी काम करू नये. सर्दी गेली का?" आणि बाबा हसले. आई गेल्यापासून असं हसणं त्या घरानं ऐकलं नव्हतं.

फोन ठेवेपर्यंत लेकीनं मनातल्या मनात बाबांचं लग्न लावून, बाळाला नवी आजी आणून, घराच्या वाटण्याही करून टाकल्या होत्या.

"कोण होती?"

"कंपनीची मुलगी."

"कसली कंपनी?"

"पत्त्यांची," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"पैसे लावून खेळता? बाबा!"

"थोडेच गं."

"आणि जिंकता?"

"छे! जिंकलो तर ती कशाला फोन करेल? हरणाऱ्याला फोन येतो. दोन दिवस खेळलो नाही तर 'सर, आमच्यावर रागावलात का' म्हणून विचारते. इतक्या मायेनं तुझ्या आईनंही कधी विचारलं नाही."

म्हणजे कुंडीला पाणी घालावं तसे बाबा पेन्शनमधून रोज थोडंथोडं हरत होते, फोन सुकू नये म्हणून. लेकीनं समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. ॲप स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. तिची बस स्टँडबाहेर पडायच्या आत बाबांनी ते परत घेतलं.

त्यामुळे सरकारनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा ती आनंदानं एवढ्या मोठ्यानं ओरडली की कष्टानं झोपवलेलं बाळ उठून बसलं.

"टिकेल का पण बंदी?" नवऱ्यानं विचारलं. "एक दार बंद केलं की हे लोक खिडकीतून येतात."

"तू गप्प बस. बाळाला घे."

पत्त्यांची कंपनी खरंच बंद झाली. त्या मुलीचे फोनही थांबले. संध्याकाळी बाबा "घेतली, केला, लावली" म्हणायचे ते भिजलेल्या काडेपेटीच्या आवाजात. काकूंचा निरोप आला, "हसणं थांबलंय हो. आता टीव्हीवर बातम्या देणारीला उत्तरं देतात. काल तिला म्हणाले, तुझा चेहरा उतरलाय."

पण पेन्शन वाचत होती. तिनं स्वतःला बजावलं, औषध कडूच असतं.

आणि एक दिवस काकूंचा फोन, "पुन्हा हसतायत!"

या वेळी तिनं विषय झटकला नाही. बाळ, बाटल्या, लंगोट सगळं पिशवीत कोंबून तिनं बस पकडली. बाबांचा फोन हातात घेतला तर जुगाराच्या साइटींची जत्रा भरलेली.

"बाबा, अहो शरम वाटू द्या!"

"ओरडू नकोस, बाळ दचकेल. मी खेळत नाही. मी पकडतो."

सरकारनं अशा साइटींच्या तक्रारीसाठी हेल्पलाइन काढली होती. बाबा रोज एक साइट शोधायचे आणि सकाळी भांग पाडून फोनवर तक्रार नोंदवायचे. "ही बघ, ही माझी जुनी ओळखीची. बंद केली की नावापुढे एक आकडा वाढवून परत येते. आणि ही रविवारसाठी राखून ठेवलीय."

"राखून?"

"सगळ्या एकदम सांगितल्या तर उद्या काय सांगू?" बाबांचा आवाज खाली आला. "मला धास्ती वेगळीच आहे. ही बंदी पूर्ण यशस्वी झाली तर?"

इथे लेकीनं थांबायला हवं होतं. पण दुधानं तोंड पोळलेली ती, ताकही फुंकणार. शिकारी कधी शिकार होईल याचा काय भरवसा? तिनं फोन दुरुस्त करणाऱ्याकडून बाबांच्या फोनला असं कुलूप घालून घेतलं की जुगाराची एकही साइट उघडू नये. सरकारला जमलं नव्हतं ते आपण एका दुपारी केलं, अशा ऐटीत ती घरी परतली.

चारच दिवसांत काकूंचा फोन किंचाळला, "तुझ्या बापानं माझ्यावर हवालदार घातलाय!"

काकू बिल्डिंगमधल्या बायकांना जमवून व्हिडिओ कॉलवर हाउजी खेळायच्या. बाबांच्या नजरेच्या टप्प्यात तेवढाच ऑनलाइन जुगार उरला होता, तोच त्यांनी हेल्पलाइनला कळवला. मागून हवालदाराचा आवाज येत होता, "बाई, बक्षीस काय असतं?"

"अंगाचा साबण!"

"दाखवा."

लेक पोचली तेव्हा बाबांच्या खोलीत काकू फुरंगटून बसल्या होत्या, हवालदार चहा पीत होता आणि टेबलावर पुरावा म्हणून न उघडलेला साबण होता. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर प्रथमच पाहत असल्यासारखे उभे होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते हात लावेनात, म्हणून लेकीनं उचलला.

"सर, काकू फार चिडल्यात का? मी वर सांगितलंय, गैरसमज झाला म्हणून. आणि सर, नाश्ता झाला का?"

ते वाक्य लेकीनं याच खोलीत, याच फोनमधून ऐकलं होतं. ती गॅलरीत गेली. "तू... पत्त्यांच्या कंपनीतली?"

"हो ताई. बंदी आली, नोकरी गेली. इथे हेल्पलाइनवर मिळाली. बोलायचं काम तेच. हल्ली तुमच्या बाबांकडे बऱ्याचदा तक्रारच नसते, तरी मी 'नोंदवतेय' म्हणून बसते. खोलीवर गेल्यावर मलाही कोण असतं? पण त्यांना सांगू नका हं, तीच मी म्हणून. त्यांना वाईट वाटेल."

"नाही सांगत."

"आणि ताई, महिनाअखेर इथे मशीन बसतंय. एक दाबा, दोन दाबा. त्यांना जपून सांगाल का?"

लेक वळली. बाबा दारात होते. "पहिल्या हॅलोलाच ओळखलं मी," ते हळूच म्हणाले. "जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला माझा, लोकांचे फोन जोडून देण्यात. तू तिला सांगू नकोस. ओशाळेल बिचारी."

मशीनचं मात्र लेकीला सांगवेना. पेन्शन राखण्याच्या नादात आपण राखायचं काय ते विसरलो, एवढं तिला कळलं होतं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं संध्याकाळची वाट बघितली नाही. सकाळीच फोन लावला.

"घेतली, केला, लावली," बाबा म्हणाले.

"बाबा, नाश्ता झाला का?"

फोन कट झाला असं वाटून तिनं पडदा पाहिला.

"झाला," बाबा म्हणाले. "तुझा?"

तिचा झाला नव्हता. बाळानं तिची बशी नुकतीच जमिनीवर पालथी घातली होती, आणि हे तिला बाळ झाल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"अगं, उपाशीपोटी काम करू नये! आधी खाऊन घे. मी धरतो फोन, बाळाला माझा आवाज ऐकव." बाळानं फोन चाटला. बाबा खदखदून हसले.

जरा वेळानं काकूंचा फोन आलाच. "पुन्हा हसतायत गं! बघ बाई, आता कुठला नाद लागलाय."

बंदी टिकते का खिडकीतून गळते, ते सरकार बघून घेईल. लेकीचं वाचणाऱ्यांकडे मागणं एवढंच आहे: तुमच्या माहितीतलं एकटं माणूस हल्ली फोनवर फार हसत असेल, किंवा हसायचं थांबलं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्याला फोन लावा. गोळीचं मागाहून विचारा.