तोंड न बघता

आण्णाप्पांनी धाकट्या भावाचं, शामूचं, तोंड बघायचं सोडलं ते एका जिलबीपायी. शामूच्या मुलाच्या लग्नात, नव्या व्याह्यांच्या देखत, शामूनं वाढप्याला ओरडून सांगितलं होतं, "आण्णाच्या पानातली जिलबी काढा, शुगर हाय त्याला." जिलबी उचलली गेली. आण्णाप्पा भरल्या पानावरून उठले आणि म्हणाले, "आजपास्नं तुझं तोंड बघणार न्हाय."

आण्णाप्पा शब्दाचे पक्के. पण निपाणीत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळं शब्द पाळणं म्हणजे कष्टाचं काम होतं. ते मागच्या दारानं बाहेर पडत आणि शामूच्या घरावरून जाताना छत्री त्या बाजूला कलती धरत. पाऊस असो वा नसो.

तिढा पडला तो शामूच्या कल्याणीचं लग्न ठरल्यावर. या पोरीला आण्णाप्पांनी खांद्यावर बसवून उरूस दाखवला होता. तिच्यावर अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत तर जीवाला चैन पडणार नव्हतं. पण लग्न म्हटलं की मुलीचा बाप असणार, आणि बापाला तोंड असणार.

अशात बेळगावच्या डॉक्टर अदिती मॅडमनी शाळेत शिबिर घेतलं. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्याचं काय होतं याचा त्या अभ्यास करत होत्या. थेंब घालून डोळ्याच्या आतला फोटो काढायचा, तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा. पहिल्या फोटोला माणसं यायची, दुसऱ्याला कुणी फिरकायचं नाही.

थेंब घालून आण्णाप्पांना बाकावर डोळे मिटून बसवलं. शेजारी कुणीतरी टेकलं आणि खोकलं. खोकला ओळखीचा होता.

"आण्णा?"

आण्णाप्पांनी विचार केला. तोंड बघणार नाही म्हटलं होतं, बोलणार नाही असं म्हटलं नव्हतं.

"बोल. तुला बी शुगर झाली?"

"झाली की. ती जिलबी मीच खाल्लती." शामू बाकावर जवळ सरकला. "कल्याणीच्या लग्नाला येशील न्हवं?"

"उघड्या डोळ्यांनी कसा येऊ रं? शब्द गेलाय तोंडातनं."

तेवढ्यात फोटोला बोलावलं. झगझगीत उजेड पडला. बाहेर आल्यावर आण्णाप्पांनी चुकून शामूकडं पाहिलं आणि थबकले.

"तोंड दिसतंय?" शामूनं घाबरून विचारलं.

"तोंड कुठलं, थेंबानं नुसता भोपळा दिसतोय."

मग आण्णाप्पा वळून आत गेले. "मॅडम, पुढचा फोटो कल्याणीच्या लग्नादिवशी सकाळी काढा. थेंब जरा जास्तच घाला." स्वतःहून तारीख मागणारा पेशंट बघून मॅडमना भरून आलं. शामूनं त्यांना लग्नाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

लग्नाला आण्णाप्पा काळा चष्मा लावून, शामूचा हात धरून आले. अक्षता टाकल्या. कल्याणी पाया पडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि शामू सगळ्यांना सांगत सुटला, "थेंब झोंबत्यात."

पंगतीत दोघे शेजारी बसले. समोर तेच जुने व्याही. पानात जिलबी पडली.

"आण्णा, काय वाढलंय दिसतंय का?"

"न्हाय बा."

"मग बटाट्याची भाजी हाय. खा."

आण्णाप्पांनी तुकडा मोडला. "पाक बरा मुरलाय भाजीत."

एवढ्यात मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. "काय हे काका? सकाळपासून शाळेत तुमची वाट बघतेय. थेंब घालायला आलाच नाहीत?"

पंगत थांबली. शामूनं वळून बघितलं. आण्णाप्पांनी हळूच काळा चष्मा काढला.

"पोरीला नीट बघायचं होतं रं," ते शामूच्या तोंडाकडं बघत म्हणाले. "भोपळ्यावर अक्षता टाकू व्हय?"

शामूनं डोळे पुसले आणि वाढप्याला हाक मारली.

"आण्णाच्या पानातली जिलबी काढा. शुगर हाय त्याला."

जिलबी उचलली गेली. आण्णाप्पा पानावरून उठले नाहीत. त्यांनी भात मागितला.